कमळाचे वीस पैसे

परवा पनवेलच्या भाजी बाजारात एका कोथिंबीरवाल्याने माझं दहा रुपयांचं नाणं परत माझ्या हातावर ठेवलं. "आजी, हे चालत नाही. नोट द्या, नाहीतर स्कॅन करा." मी विचारलं, चालत नाही म्हणजे काय? खोटं आहे का? तो म्हणाला, "खोटं नाही हो, पण पुढे कोणी घेत नाही ना." आता हा पुढचा माणूस कोण, ते मला आजपर्यंत कोणी दाखवलेलं नाही. त्याच्या मागे उभा असलेला कांदेवालाही तेच सांगत होता, की पुढे कोणी घेत नाही. मी दोघांना चांगलं फैलावर घेतलं. शेवटी माझ्या नातीने मागून फोन पुढे केला, त्याच्या बोलक्या डबीतून पैसे मिळाल्याचा बाईचा आवाज आला आणि जुडी पिशवीत पडली. रिक्षात बसल्यावर नात म्हणाली, "आजी, दहा रुपयांसाठी एवढं काय चिडायचं?" दहा रुपयांसाठी मी चिडलेच नव्हते. चांगलं, सरकारी छापाचं नाणं हातात असून माणसाचं काम अडून राहतं, याची चीड माझ्या अंगात फार जुनी आहे. ती गव्हाणच्या फाट्यावर भरलेली आहे, आणि ती एकदा नीट लिहून काढावी असं मनात आहे.

आमचं घर गव्हाणला, खाडीच्या अंगाला. बाबा मिठागरावर होता. मीठ दुसऱ्याच्या मालकीच्या आगरात पिकायचं, पण माणसं लावायची, पाणी घ्यायचं, मीठ ओढून त्याच्या राशी करायच्या आणि ट्रक भरून द्यायचा हे सगळं बाबाच्या अंगावर. थंडी सरली की आमच्या घरात मिठाशिवाय दुसरा विषय नसायचा. बाबाच्या पायांना भेगा पडायच्या आणि त्या भेगांत मीठ जायचं. संध्याकाळी तो अंगणात पाय खोबरेल तेलात चोळत बसायचा आणि तोंडाने 'स्स, स्स' करायचा, तो आवाज मला अजून ऐकू येतो. आत चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या. त्यांच्यासोबत जवळा, नाहीतर खाडीच्या चिखलातली निवट्या मासळी, आंबट करून. आई निवट्या इतक्या चांगल्या करायची की शेजारीण वास घेऊन काहीतरी निमित्त काढून यायची. आज ते आगर कुठे होतं ते मला दाखवता येणार नाही. उलव्याच्या बाजूला उभं राहिलं की नुसत्या इमारती आणि क्रेन दिसतात, डोक्यावरून विमान जातं, आणि रिक्षावाला मलाच विचारतो की मावशी, सेक्टर कोणता.

ते दिवस मोठे चमत्कारिक होते. आणीबाणी यायची होती, पण तिच्या आधीचं सगळं येऊन ठेपलं होतं. तेल मिळत नव्हतं, रॉकेलला रांग, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. रेडिओ लावला की कुठे संप, कुठे मोर्चा, कुठलं सरकार गडगडलं. त्यात आमच्या सगळ्या पट्ट्यातल्या जमिनी सरकार घेणार, इथे नवं शहर करणार, अशी कुजबुज होती. पुढे नोटिसाही आल्या. कोणालाच काही कळत नव्हतं, आणि ज्याला कळत नव्हतं तो सगळ्यात जास्त बोलत होता. या सगळ्या गोंधळात गावातून चिल्लर नाहीशी झाली. गंमत सांगत नाही, खरोखर नाहीशी झाली. जुनी निकेलची, पितळेची नाणी दिसेनात. त्यांच्या जागी सरकारने अल्युमिनियमची काढली. पाच पैशांचं चौकोनी, दहा पैशांचं कातरलेल्या कडांचं, तीन पैशांचं सहाकोनी. हातात घेतलं तर घेतलंय की नाही ते समजू नये इतकी हलकी. दुकानाच्या फळीवर टाकली तर आवाजही धड व्हायचा नाही. लोक त्यांना हसायचे, "ही नाणी पाण्यात टाकली तर तरंगतील" असं म्हणायचे, आणि तरी तीसुद्धा पुरेशी मिळायची नाहीत. वाणी सुट्याऐवजी काडेपेटी द्यायचा, गोळ्या द्यायचा, नाहीतर पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा, त्याच्यावर त्याचा शिक्का. पुठ्ठा त्याच्याच दुकानात चालायचा, तोही भिजला नाही तर.

सगळ्यात जास्त तळतळाट बाबाचा व्हायचा. मिठाचा व्यापारी त्याच्या हातावर नोटा ठेवायचा. मजुरांना आठवड्याचे पैसे द्यायचे तर प्रत्येकाचा हिशेब रुपये-पैशांत. बाबा पनवेलला जाऊन चिल्लर विकत आणायचा. हो, विकत! शंभराची नोट दिली की पंच्याण्णवची चिल्लर मिळायची, आणि देणारा वर उपकार केल्यासारखं तोंड करायचा. बाबा घरी येऊन पिशवी ओट्यावर आपटायचा आणि म्हणायचा, "पैका द्यून पैका घ्यावा लागतंय. हे राज हाय का काय हाय?"

आणि या घरात, जिथे बाबा चिल्लरीसाठी तडफडत होता, तिथेच माझ्या आईकडे एक आख्खी बरणी भरून नाणी होती.

ती नाणी वीस पैशांची. त्यांच्यावर कमळ होतं, रंग पिवळाधमक. मध्यंतरी दोन-तीन वर्षं सरकारने ती काढली आणि मग बंद केली. ती बंद झाली आणि इकडे बातमी पसरली की सरकारकडून चूक झाली, या नाण्यांत सोनं पडलंय, म्हणून आता ती गुपचूप परत घेतायत. ही बातमी कुठून निघाली माहीत नाही. पण आमच्या बाजूच्या सगळ्या गावांत बायकांनी कमळाची नाणी बाजूला काढायला सुरुवात केली. कोणी चिंच आणि राख लावून घासून लखलखीत करायची. कोणी सोनाराकडून कडी लावून घेऊन गळ्यात घालायची. दोन लग्नांत मी नवरीच्या गळ्यात कमळाची माळ पाहिली आहे, आणि बायका ती हातात घेऊन घेऊन बघत होत्या. आमच्याकडे सोन्याची हौस मुळातच दांडगी. लग्नात बाईचा गळा मोकळा दिसला तर नवऱ्याची अब्रू जाते. पण ज्यांच्याकडे तोळाभरही घ्यायची ताकद नव्हती त्यांना सरकारने वीस पैशांत सोनं दिलं, मग ते कोण सोडणार?

आई अडाणी होती असं मी कोणाला म्हणू देणार नाही. तिची एक विचार करण्याची पद्धत होती आणि ती पक्की होती. ती सांगायची, "माजे आयच्या येलेला रुपाचा, चांदीचा रुपया व्हता. टन्न वाजायचा. सरकारनं रुपा काडला नि कागद दिला. मंग तांब्याचा पैसा व्हता, तो काडला. आता पिवली नानी काडली नि ही फोलपटा दिली. सरकार चांगला ते उचलतंय नि हलका ते आपले हातान देतंय. आता जमीन घेनार नि परत कागद देनार. मना काय दिसत नाय?" तिचं हे बोलणं ऐकून मी तेव्हा वैतागायचे. पुढे बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात, हलकं नाणं चांगल्या नाण्याला बाजारातून घालवतं, असा हाच नियम मी एका मोठ्या इंग्रज माणसाच्या नावावर छापलेला वाचला, आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. तिचा नियम बरोबर होता. फक्त त्या नाण्यांत सोनं नव्हतं.

बाबाला ते सोनं नाही हे माहीत होतं आणि तो ते गावभर सांगत फिरायचा. एकदा तो बरणीतलं एक नाणं घेऊन पनवेलच्या सोनाराकडे गेला. सोनाराने कसोटीवर घासलं, हसला, आणि म्हणाला पितळ आहे. बाबा विजयी मुद्रेने घरी आला. "आयकलास? पितल! सोनार बोलला."

आईने भाकरी उलटली आणि नाण्याचं विचारलं. "नाना कुठं हाय?"

"कंचा नाना?"

"नेलातव ते, सोनाराकरं."

सोनाराने ते नाणं ठेवून घेतलं होतं आणि वर बाबाला पाच पैसे जास्त देऊन पंचवीस पैसे हातावर टेकवले होते. मोडीत पितळेचा भाव चढला होता, त्याला ते गाळायला परवडत होतं, एवढीच गोष्ट. पण आईला तेवढं पुरलं. "पितल हाय तं इसाचे पंचीस कशाला दिले? तो काय तुमचा म्हेवना हाय?" बाबा पाय धुवायला निघून गेला. मी अकरावीत होते, गणितात वर्गात पहिली यायचे, आणि या एका प्रश्नाचं उत्तर मला देता येत नव्हतं.

अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. आमच्या आळीत मॅट्रिकला बसलेली मी पहिली मुलगी. मास्तरीण होण्याचं मी आठवीतच ठरवलं होतं, का ते विचारू नका. आमच्या बाईंच्या पर्सचा आवाज मला आवडायचा, असं काहीतरी असेल. पण कोन गावच्या एका घरातून मला मागणी आली होती. माणसं बरी होती, त्यांची भातशेती होती, मुलगा कारखान्यात लागला होता. बाबाने त्यांना शब्द दिला, तोही असा: "पोरगी एका फटक्यान पास झाली तं शिकंल. नापास झाली तं मांडव घालू." कोनच्या माणसांनी मान हलवली, त्यांना वाटलं मुलगी पास कशाला होते. बाबालाही बहुतेक तेच वाटलं असणार. आणि आईच्या बरणीतली नाणी कोणासाठी होती? माझ्यासाठीच. माझ्या लग्नात माझ्या गळ्यात कमळाची तीनपदरी माळ पडायची होती. मी अभ्यासाला बसले की ती शेजारी बसून चिंचेने नाणी घासायची. मी वहीतून डोकं वर काढून म्हणायचे, "आये, आवाज नको करू." ती म्हणायची, "तुजाच करतंय गो बाय."

शाळा पायी जाण्यासारखी होती, परीक्षेचं केंद्र मात्र पनवेलला. एस.टी.ने जायचं. सुरुवातीचे पेपर सुरळीत गेले, कारण बाबाने मजुरांच्या पैशांतून माझ्यासाठी तिकिटाचे मोजके सुटे बाजूला ठेवले होते. गणिताच्या आदल्या दिवशी मजुरांचा वार होता आणि सगळी चिल्लर संपली. सकाळी ट्रक येणार म्हणून बाबा उजाडायच्या आत आगरावर गेला. मी तयार होऊन आईपुढे उभी राहिले. तिने पदराच्या गाठीतून दोन रुपयांची नोट काढून दिली.

"सुटे दे, आये."

"सुटे नाय."

"बरणीत आहेत."

"ते सुटे नाय." आणि ती पाणी भरायला गेली.

फाट्यावर मी बसमध्ये चढले. कंडक्टर तरुण होता, त्याचा चेहरा सकाळीच आंबलेला. नोट पाहून त्याने हातही पुढे केला नाही. "सुटे द्या नाहीतर उतरा." मी सांगितलं, माझी मॅट्रिकची परीक्षा आहे. तो म्हणाला, "असेल." मी म्हटलं, तिकिटाच्या मागे लिहून द्या, मी डेपोत घेईन. म्हणाला, लिहून द्यायचं बंद झालंय, भांडणं होतात. मग मी म्हटलं, मला उरलेले नकोतच, सगळे ठेवा! यावर तो भडकला. "आणि तपासनीस चढला तर? बॅगेत पैसे कमी निघाले तरी मी चोर, जास्त निघाले तरी मी चोर. माझी नोकरी घालवता का?" मी बसभर पाहिलं. सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मला आजही खात्री आहे की त्यांतल्या निम्म्यांच्या खिशात चिल्लर होती. पण चिल्लर एकदा दिली की परत मिळत नाही, हे त्या वर्षी सगळ्यांना समजलेलं होतं. त्याने घंटी मारली, बस थांबली, आणि मी डांबरी रस्त्यावर उभी राहिले. बस गेली.

मी घरापर्यंत धावत आले. एवढी संतापलेले होते की मला रडूही येत नव्हतं. आई हंडा उतरवत होती. मी तिला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पण एवढं आठवतं की, घरात बरणीभर पैसे असून मला बसमधून उतरवलं, तुझ्या पितळेपायी माझा जन्म जातोय, आणि तुला तेच पाहिजे आहे, असं म्हणाले. शेवटचं वाक्य ऐकून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिने फडताळातून बरणी काढली, नाणी एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ओतली, गाठ मारली आणि ते गाठोडं काखेत घेतलं. "चल."

"तू कशाला? मला चार नाणी दे."

"चल बोलतंय ना."

पुढची बस तासाभराने. आम्ही चढलो तेव्हा पेपर सुरू व्हायला थोडाच वेळ राहिला होता. हा कंडक्टर वयस्क होता, त्याच्या बॅगेत नुसत्या नोटा कोंबलेल्या. त्याने विचारायच्या आत आईने गाठ सैल करून कमळाची नाणी मोजून त्याच्या हातावर ठेवली. कंडक्टरने नाणी पाहिली. एकदा आईकडे पाहिलं. मग मला जे दिसलं ते मी या जन्मात विसरणार नाही. त्याने शर्टाच्या खिशातून अल्युमिनियमची नाणी काढली, तितक्याच पैशांची मोजली, ती बॅगेत टाकली, आणि आईची पिवळी नाणी रुमालात बांधून त्याच खिशात ठेवली.

मी ओरडले, "म्हणजे तुमच्याकडे सुटे आहेत!"

"ते माझे स्वतःचे आहेत," तो शांतपणे म्हणाला. "त्याचा कॉर्पोरेशनशी संबंध नाही."

आईने मात्र माझा दंड धरला. तिचे डोळे चमकत होते. ती माझ्या कानाशी म्हणाली, "बगितलास? तो काय येडा हाय का? सोना हाय. तुजा बाप मना येडी बोलतंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. तिला पटवायची ती वेळ नव्हती. कारण बस हलतच नव्हती. फाट्यावर आमच्याबरोबर आणखी दहा-बारा माणसं चढली होती आणि एकाकडेही सुटे नव्हते, निदान सगळे तसं म्हणत होते. कंडक्टरने ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. "ज्यांच्याकडे सुटे नाहीत त्यांनी उतरा. त्याशिवाय गाडी जाणार नाही." कोणीही उतरेना. एक भाजीवाली टोपलीवर बसून राहिली. एक धोतरवाले गृहस्थ सरकारला शिव्या देऊ लागले. एक जण म्हणाला, याचं काही ऐकू नका, गाडी आपोआप सुरू करतील. कोणी कंडक्टरची बाजू घेतली, कोणी त्याच्या अंगावर गेला. उन्हं बसच्या पत्र्यावर तापत होती. मी एकाच्या मनगटावरचं घड्याळ बघत होते. पेपर सुरू झाला होता. मी उठून ओरडले, "अहो कोणीतरी उतरा ना! माझा गणिताचा पेपर सुरू झालाय!" धोतरवाले म्हणाले, "बाळ, प्रश्न तत्त्वाचा आहे." त्यांना तोंडावर काय बोलावं ते मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं, पण लिहिण्यासारखं नाही.

आई एवढा वेळ गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मधूनच गाठोड्याकडे. तिला नुकताच, डोळ्यांदेखत, पुरावा मिळाला होता की ते सोनं आहे. मग ती उठली. भाजीवालीला म्हणाली, "किती तुजा? दे नोट हिकरं." नोट घेतली आणि कंडक्टरच्या हातावर कमळाची नाणी ठेवली. मग मागच्या बाकावरच्याला. मग त्याच्या बायकोला. मग धोतरवाल्यांना. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला?" आई म्हणाली, "अवो, द्या नि गप बसा." एकेकाची नोट ती घेत होती, उरलेले त्याला कमळांतच परत करत होती, आणि घेणाऱ्यांतले कितीतरी जण ती नाणी बोटांनी चाचपून, खाली मान घालून खिशात टाकत होते. गाठोडं सपाट होत चाललं. शेवटच्या माणसाच्या वेळी तिने ते उलटं करून झटकलं. तिच्या हातात नोटांचा चुरगळा उरला. हिशेबाने पैसा एकही कमी झाला नव्हता, उलट कंडक्टर तिला "ताई" म्हणू लागला होता. ती येऊन माझ्या शेजारी बसली, नोटा कमरेला खोचल्या, आणि पनवेल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिचा हात धरायला पाहिजे होता की काय, ते मला माहीत नाही. माझं सगळं लक्ष घड्याळावर होतं.

केंद्राच्या फाटकावर शिपायाने अडवलं. अर्धा तास उलटून गेला होता. मुख्य पर्यवेक्षक बाहेर आले, नियम सांगू लागले. आईने त्यांना बसची सगळी हकिकत ऐकवली, आपल्या बोलीत, हातवारे करत, आणि शेवटी म्हणाली, "सायेब, माजे पोरीला आत घ्या. मना आता कुनाला द्यावाला पन काय नाय उरला." साहेबांना त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी मला आत सोडलं, पण जादा वेळ मिळणार नाही असं बजावून. मी घामाघूम होऊन बसले, आणि घाईत पहिल्याच उदाहरणात आकडा चुकला तो पुढे चुकतच गेला. भूमितीचे शेवटचे दोन प्रश्न, जे मला झोपेतही आले असते, तिथपर्यंत मी पोहोचलेच नाही. घंटा झाली तेव्हा माझी आकृती अर्धी काढून झाली होती, आणि पर्यवेक्षिकेने कागद हातातून ओढून घेतला.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत चांगले गुण, गणितात मोजक्या गुणांनी नापास. गणितात! माझ्या गुरुजींनी गुणपत्रिका दोनदा उलटून पाहिली. एका पोरीचा निकाल सुट्या पैशांनी लावला, पण त्याची नोंद कुठल्या सरकारी कागदावर होणार? नापास म्हणजे नापास. कोनच्या माणसांचा निरोप दोन दिवसांत आला, की मुहूर्त बघायचा का.

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसला होता. मी भिंतीला टेकून बसले होते. आईने त्याला भात वाढला आणि ताटापुढेच बसली, अशी ती कधी बसायची नाही.

"कोनवाल्यांना काय सांगनार?"

बाबा म्हणाला, "काय सांगू? शब्द दिलाय. एका फटक्यान पास नाय झाली." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मना पन बरा वाटत नाय."

"ती आक्टोबरला परत बसंल."

"आगो, शब्द दिलाय मी चार मानसांत. परत घेतला तं तोंड काय दाखवू?"

आई म्हणाली, "मी माजा सोना दिला. सगला. अनोलखी मानसांना, बशीत उभी ऱ्हाऊन. माजे पोरीचे गल्यान पडायचा व्हता ते. तुमाला येक शब्द परत घेवाला होत नाय?"

बाबाने मान वर केली. वर्षभर त्याने ओट्यावर, आगरावर, पनवेलच्या दुकानांत, जो भेटेल त्याला सांगितलं होतं की आमच्या घरी बायको पितळ सांभाळते. आताही ते वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. तोंड उघडलंही त्याने. तो ते बोलला असता तर माझं सगळं संपलं असतं, आणि आईचं माझ्याहून जास्त. त्याने आईकडे पाहिलं. तिचा मोकळा गळा, मिठाच्या पाण्याने चिरलेले हात. त्याने तोंड मिटलं, भात कालवला, आणि घास घ्यायच्या आधी मला विचारलं, "आक्टोबरचा फारम कवा भरायचा?"

ऑक्टोबरला मी पास झाले आणि पुढे मास्तरीणही झाले. पण या प्रकरणात मला तेवढं लिहायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबा धुतलेला सदरा घालून कोनला गेला. आमच्याकडे दिलेला शब्द परत घ्यायला स्वतः जायचं असतं, निरोप पाठवून चालत नाही. आणि तिथे ओट्यावर बसलेल्या चार माणसांसमोर जे काय ऐकून घ्यावं लागेल ते ऐकून घ्यायचं असतं. तो दिवसभर आला नाही. आई दहा वेळा अंगणात जाऊन आली, शेवटची तर भांडं घासता घासता हात तसाच राखेचा घेऊन. तिन्हीसांजेला तो आला, चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. आईने विचारलं, "काय बोलले?"

"बोलायचा ते बोलले," बाबा म्हणाला. "तू भात वाढ."